तेराच्या वर चौदा

रोक्काविन्या,
ऑगस्टअखेर, सोमवार

आदरणीय एवाझिओदादा यांस,

रेमिजोचा नमस्कार. तुमचे गुडघे कसे आहेत? जिनेत्तावहिनींची साखर आटोक्यात असेल आणि जेनोआची समुद्राची हवा तुम्हा दोघांना मानवली असेल असं धरून चालतो. (मानवली नसेल तर ती अकरा वर्षं कशाला खात बसलात, असं मी विचारत नाही.) पाकिटावरचं अक्षर माझं आहे हे कळल्यावर तुम्ही चष्मा काढून ठेवाल, मग वहिनी म्हणतील, "अहो, वाचा तरी, कागद चावतो की काय," आणि मग वाचाल. वहिनींना त्याबद्दल माझा वेगळा नमस्कार. फोन मी दोनदा केला होता. दोन्ही वेळा तुम्ही "कोण?" म्हणालात, मी नाव सांगितलं आणि लाइन तुटली. जेनोआच्या लाइनी खराब असतात, असं बारवाला कार्लिन म्हणतो. मीही गावात तसंच सांगितलं आहे.

इकडची खुशाली अशी की द्राक्षं यंदा भरपूर धरली आहेत, कोंबड्या अंडी देताहेत आणि तेर्सिला मरते आहे. हे शेवटचं मी तीन कागदांवर तीन तऱ्हांनी लिहून पाहिलं. कसंही लिहिलं तरी ते तेवढंच राहतं, म्हणून शेवटी कोंबड्यांच्या मागे उभं केलं. तिला धुळीचाच आजार आहे. डॉक्टरानं त्याचं लांबलचक नाव सांगितलं, पण आपल्या गल्लीत त्याला धूळच म्हणतात आणि धूळ म्हटलं की पुढचं कुणी विचारत नाही. "द्राक्षं उतरेपर्यंत," डॉक्टर म्हणाला. मी विचारलं, "उतरायला लागेपर्यंत की उतरून संपेपर्यंत? मध्ये तीन आठवडे जातात." त्यानं माझ्याकडे असं पाहिलं की मी टोपी उचलून बाहेर आलो. तुमची बहीण आता कोंबडीएवढी उरली आहे. जिना चढवताना मी तिला उचलून घेतो आणि वर पोचल्यावर मलाच धाप लागल्याचं नाटक करतो, म्हणजे तिला बरं वाटतं.

अॅस्बेस्टॉस-सिमेंटच्या पत्र्यांच्या कारखान्यात मी एकतीस वर्षं काढली. तिनं त्याच्या फाटकात एकदाही पाऊल टाकलेलं नाही. तिनं फक्त माझे कामाचे कपडे धुतले. मी संध्याकाळी पांढरा होऊन घरी यायचो, ती डगला बाल्कनीत नेऊन दोन्ही हातांनी झटकायची (पोरांना ते आवडायचं, बर्फ पडतंय म्हणायची) आणि मग भिजत घालायची. एकतीस वर्षं, आठवड्यातून दोनदा. ती नोकरी मला तुमच्या शिफारशीच्या चिठ्ठीनं लागली होती, दादा. मी दोष देत नाही. तेव्हा त्या चिठ्ठीसाठी निम्मं गाव तुमच्या दारात अंडी घेऊन उभं असायचं आणि मीही दोन कोंबड्या आणल्या होत्या. तुम्ही त्या खाल्ल्यात, मी नोकरी खाल्ली. फळ तिसरीलाच मिळालं.

पण हे पत्र रडण्यासाठी नाही. जानेवारीपासून गावात जो गोंधळ चालला आहे तो तुम्हाला दुसरं कुणी नीट सांगणार नाही, म्हणून लिहायला बसलो. हिवाळ्यात नगरपालिकेनं म्हाताऱ्यांसाठी एक वर्ग काढला. दारावर पाटी लावली, 'टॅरोच्या चित्रांतून आपल्यातली कला शोधा.' गावानं त्यातून एवढंच वाचलं की नगरपालिका खेळायला पत्ते पुरवते आहे. शिवाय हॉलमध्ये सरकारी खर्चानं हीटर चालतो. पहिल्या दिवशी बावीस माणसं आली, त्यातली पंधरा आपापले अॅश-ट्रे घेऊन. शिकवायला तोरीनोहून लुदोविकाबाई आल्या होत्या, वय तिशीचं, गळ्यात तीन शाली आणि दहा बोटांत बारा अंगठ्या. त्यांनी टेबलावर आपले पत्त्यांचे जोड मांडले. एकेक पत्ता प्रार्थनेच्या पुस्तकाएवढा, कडा सोनेरी. त्या म्हणाल्या, "डोळे मिटा. श्वास घ्या. आणि मनापासून एक पत्ता उचला."

आपला पोस्टमन विजिन पुढच्याच बाकावर होता. त्यानं डोळे मिटले, पत्ता उचलला आणि विचारलं, "बाकीचे अठरा कधी वाटणार?"

बाई रंगांचे डबे आणायला गाडीकडे गेल्या. त्या परत येईपर्यंत चार टेबलांवर डाव मांडून झाले होते आणि दोन टेबलांवर भांडणं लागली होती. भांडणाचं कारण तुम्हीही मान्य कराल. आपल्या तारोक्कीच्या खेळात सिंहाचा जबडा धरणारी बाई अकरा नंबरची आणि तराजूवाली आठ नंबरची, हे आपण चालायला लागायच्या आधी शिकलो. बाईंच्या जोडात उलटं होतं. सिंहवाली आठ, तराजूवाली अकरा. विजिननं सिंहवाली टाकून दहा नंबरचं चाक मारलं आणि हात ओढून घेतला. कार्लिन म्हणाला, "वर आकडा बघ की, आंधळ्या." विजिन म्हणाला, "मी बाई बघतो, आकडा तू बघ." बाईंकडे निवाडा गेला. त्यांनी दोन्ही हात जोडले आणि अगदी आनंदानं म्हणाल्या, "दोन्ही बरोबर आहेत. तुमचं मन काय सांगतं?" आता पत्त्याच्या टेबलावर कुणी कुणाला असं विचारतं का? कार्लिनचं मन काय सांगत होतं ते त्यानं सांगितलं. विजिन अजून त्याच्या बारमध्ये पाय ठेवत नाही, कार्लिनची पत्रं दाराबाहेरच टाकून जातो.

मग बाई म्हणाल्या की पत्ता उलटा आला तर त्याचा अर्थही उलटा होतो. तेर्सिला हीटरच्या शेजारी बसली होती (ती वर्गाला आली होती ती कलेसाठी नाही, गरम हवेत तिला श्वास जरा बरा लागतो म्हणून). तिनं एप्रनच्या खिशातून आपला घरचा कळकट जोड काढला आणि बाईंच्या हातात दिला. आपल्या चित्रांना दोन्हीकडे डोकी असतात, कमरेपाशी जोडलेली, हे बाईंनी बहुतेक कधी पाहिलंच नव्हतं. तेर्सिला म्हणाली, "बाई, आमच्याकडे कुणी उलटं येत नाही. कसंही धरा, तोच."

बाई ते पत्ते बराच वेळ फिरवत राहिल्या. सम्राट खाली केला, सम्राटच वर आला. मग त्यांनी हाडांचा सापळा काढला, कोयता घेतलेला, तेरा नंबरचा. तोही फिरवला. त्या दिवसापासून त्यांनी तेर्सिलाला 'काकू' म्हणायला सुरुवात केली, आणि मी त्यांच्या अंगठ्या मोजायचं सोडलं.

दुसऱ्या खेपेला सगळ्यांनी शहाण्यासारखा एकेक पत्ता उचलला, कारण बाईंनी वाटायला पत्तेच एकेक आणले होते. तेर्सिलाला तेरा आला. बाईंचा चेहरा पडला. तिच्या आजाराचं त्यांना कुणीतरी सांगितलं असणार. त्या पटकन म्हणाल्या, "काकू, घाबरू नका हं. याचा अर्थ मरण नसतो. याचा अर्थ बदल. जुनं जातं, नवं येतं."

"बदल तर आहेच," तेर्सिला म्हणाली. "पण एवढं कशाला मनाला लावून घेता? हा चौदानं मारला जातो."

बाईंना कळेना. तेव्हा अख्ख्या वर्गानं त्यांना समजावलं. तेराच्या वर चौदा. चौदा म्हणजे दोन सुरया घेतलेली बाई, एकीतलं पाणी दुसरीत ओतणारी. ती दारूत पाणी मिसळते, एवढंच तिचं काम. पण हातात ती असली की तेरा नंबरचा सापळा कोयत्यासकट तुमच्या बाजूला येऊन पडतो. राजा लागत नाही, देवदूत लागत नाही. पाणी घालणारी बाई पुरते. लुदोविकाबाई बाहेर व्हरांड्यात गेल्या आणि डोळे पुसून आल्या. त्यांच्या पुस्तकात हे नव्हतं म्हणे. मला तेव्हा हसू आलं होतं. आता येत नाही.

बाईंनी घरी करायला सांगितलं होतं की आलेल्या चित्रावरून आपल्या आयुष्यातलं काहीतरी काढा. कार्लिननं पत्ता न बघताच बाटली काढली. तेर्सिलानं घरी येऊन लग्नातली पेटी उघडली. तिच्या लग्नात माझ्या सासूबाईंनी, म्हणजे तुमच्या आईनं, दिलेल्या बारा लिननच्या चादरी तुम्हाला आठवत असतील. त्यातली एकही आम्ही अंथरलेली नाही. चांगल्या प्रसंगासाठी ठेवल्या होत्या आणि प्रत्येक प्रसंग आला की तिला तो पुरेसा चांगला वाटायचा नाही. तिनं सर्वांत वरची काढली, उन्हात धरली आणि म्हणाली, "रेमिजो, ही माझ्या पेटीत घालायची." मी म्हटलं, पेटीतूनच तर काढलीस. "त्या पेटीत नाही," ती म्हणाली.

तर असा बेत ठरला. चादरीच्या मधोमध, पायापासून डोक्यापर्यंत, शिडीसारखी एकावर एक बावीस चित्रं, प्रत्येक तळहाताएवढं, लाल दोऱ्यानं भरलेलं. सर्वांत खाली वेडा, त्यावर एक नंबरचा गारुडी, आणि मग एकाला दुसरा मारेल अशा क्रमानं वरपर्यंत. चित्रं पत्त्यातली, माणसं मात्र गावातली. ती भरून झाल्याशिवाय जाणार नाही असं तिनं डॉक्टरला सांगितलं. डॉक्टर म्हणाला, "मग जरा भरभर भरा." तो वाईट माणूस नाही, त्याच्या गल्लीतलेही बरेच गेले आहेत.

मार्चपासून आमचं घर म्हणजे फोटो स्टुडिओ झालं. गारुड्याच्या जागी तिनं कार्लिन बसवला, टेबलावर वाट्यांऐवजी ग्लास. तो स्वतः सहा ग्लास घेऊन आला, मापात चूक नको म्हणून, आणि जाताना पाचच घेऊन गेला, कारण एक बसल्या बसल्या माझ्या उपयोगी पडला होता. उलटा टांगलेला बारा नंबरचा माणूस म्हणजे विजिन. तो चेरीच्या झाडावर चढला होता, शिडी सरकली आणि एका पायावर पाऊण तास लोंबकळला. टपालाची पिशवी गळ्यात आणि पिशवीत गावाची पेन्शनं. माणसं खालून गेली, पण त्यांना वाटलं तो चेरी खातोय. ह्या चित्राचा त्याला इतका अभिमान झाला की तो प्रत्येक दारात पत्राबरोबर ते सांगत बसतो आणि सकाळचं टपाल दुपारी तीनला मिळतं. (हे पत्र उशिरा आलं तर कारण कळलं असेल.)

ओनोरिनाचं प्रकरण वेगळं. ती चाळीस वर्षं फादर चेल्सोंचं घर सांभाळते, म्हणून तेर्सिलानं तिला पोपीण केली, दोन नंबरची, मांडीवर पुस्तक घेतलेली. ओनोरिना फणफणत आली. "मी पोपीण? लोक काय म्हणतील?" तेर्सिला दोरा तोडत म्हणाली, "लोक म्हणतात तेच भरलंय." ओनोरिनानं दार आपटलं, भिंतीवरचं घड्याळ बंद पडलं ते अजून बंद आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी ती रविवारचा रुमाल बांधून पुन्हा दारात. "भरलंच आहेस तर नाक तरी नीट भर," असं म्हणून खुर्चीत बसली आणि दोन तास हलली नाही. निघताना तिनं तेर्सिलाचा हात धरला आणि सोडेना. बायका असं का करतात ते मला कळत नाही. मी कोंबड्यांना दाणे टाकायला गेलो.

मग फादर स्वतः आले. कुणीतरी त्यांच्या कानावर घातलं होतं की चादरीवर सैतान आहे. त्यांनी विचारलं, "कुठं येतो तो?" तेर्सिला म्हणाली, "गळ्याशी." फादर म्हणाले, सैतान गळ्याशी घेऊन त्यांच्या कबरस्तानात कुणी जाणार नाही. लुदोविकाबाई तिथंच होत्या (त्या आता वर्ग नसतानाही येतात, दोरे घेऊन). त्यांनी मध्यस्थी करायची म्हणून सांगितलं की शेवटी सगळ्याच्या वर 'जग' आहे, म्हणजे पूर्णत्व. फादर उखडले. "जग? जगाच्या वर देवदूत असतो. काय खेळता की नाही तुम्ही तोरीनोत?" तेर्सिलानं लगेच चादर उलगडून दाखवली. जग एकविसावं असूनही खाली, विसावा देवदूत त्याच्या वर, अगदी डोक्यापाशी, जसं आपण खेळतो तसं. "फादर," ती म्हणाली, "गेल्या गुरुवारी तुम्ही ह्याच देवदूतानं माझ्या नवऱ्याचं जग मारलंत, तेव्हा खाली सैतान कुणाच्या हातात आहे ते विचारलं होतंत का?" फादरांनी वाकून गळ्याशी पाहिलं. शेवटी म्हणाले, निदान शिंगं आखूड कर. तिनं केली.

सोळावा मनोरा तुम्ही ओळखाल. त्यावर वीज पडते आणि माणसं खाली पडतात, तो. तिनं कारखान्याची चिमणी भरली आहे, खालच्या फाटकासकट. पडणारी माणसं एवढ्याशा जागेत मावत नाहीत म्हणून नुसत्या गाठी मारल्या. मी मोजल्या नाहीत. (मोजल्या. आपल्या गल्लीतले गेले तेवढ्याच आहेत, आणि बाजूला एका गाठीपुरती जागा सोडली आहे.)

जूनमध्ये तिनं तेरावं चित्र घेतलं. मला दाखवेना, वर रुमाल टाकून ठेवायची. एका दुपारी ती झोपली असताना मी रुमाल उचलला. सापळा नव्हता, कोयता नव्हता. दोरीवर वाळत घातलेला माझा कामाचा डगला होता. माझाच. कोपरावरचं ठिगळ तिनं तेव्हा लावलं होतं तसं तिरकं, खिशाचं बटण तुटलेलं. शिडीतली तेरावी जागा कुठं येते ते मी आधी मोजलं नव्हतं, तेव्हा मोजलं. बरोबर छातीवर येते.

दादा, मी काय केलं ते तुम्हाला लिहितो, कारण दुसऱ्या कुणाला सांगितलेलं नाही. मी नखांची कात्री घेतली आणि टाका टाका करून तो डगला उसवला. दोन ठिकाणी कापड फाटलं. सगळा लाल दोरा खिशात घातला आणि कोंबड्यांच्या खुराड्यात जाऊन बसलो, सत्तर वर्षांचा माणूस. ती उठली, तिनं चादर पाहिली असणार. रात्री सूप वाढताना म्हणाली, "भोकं तशीच राहिलीत. मला आता चित्र काढायला नको, भोकांवरूनच भरता येईल."

मी म्हटलं, "तेर्सिला, मला माहीत आहे तो मी आहे. सगळ्या गावाला माहीत आहे. पण ते अंगावर घेऊन जाऊ नकोस."

"नीट बघितलंस का?" ती म्हणाली. "तो रिकामा आहे. तू नाहीस त्यात. तू असतास तर मी डोकं भरलं नसतं का? तुझं डोकं भरायला कितीसा दोरा लागतो?" आणि मग पहिल्यांदाच तिनं मला बोलून दाखवलं की झटकताना तिला त्या धुळीची चव लागायची, खडूसारखी, आणि तेव्हा वाटायचं की पगार आला. एवढंच. ती चिडली असती तर मला झेपलं असतं. मला ती चिडायला हवी होती. ती सूप प्यायला लागली आणि मी मात्र ताटावर रडलो, मोठ्यानं, आणि ती म्हणाली की सूप आधीच खारट आहे.

दुसऱ्या दिवसापासून सुईत दोरा ओवायचं काम माझ्याकडे आलं. तिच्या बोटांत आता जोर नाही आणि माझ्या डोळ्यांत नजर नाही, त्यामुळे एका सुईला पंधरा मिनिटं जातात. लुदोविकाबाईंना हे दोन सेकंदांत जमतं, पण तेर्सिला त्यांना हात लावू देत नाही. "त्याला काम असू दे," म्हणते. डगला पुन्हा भरून झाला. आधीपेक्षा बरा झालाय, बटणसुद्धा तिनं लावून टाकलं. तारा, चंद्र, सूर्य झाले, देवदूत झाला, जग झालं. रथाच्या जागी ॲम्ब्युलन्स आहे, तिला दोन्हीकडे ड्रायव्हर. बावीसपैकी एकवीस भरून झाली आहेत, मधली एकच जागा कोरी आहे, तेराच्या वरची. चौदा.

ती जागा कोरी राहिली तर डाव तसाच राहतो, हे तुम्हाला मी सांगायला नको. तेरा मोकळा आणि त्याच्या लगेच वर सैतान, मध्ये पाणी घालणारी कुणी नाही. तिला विचारलं तर ती "बघू" म्हणते आणि हल्ली 'बघू' म्हणतानाही मध्ये श्वास घेते. दोन दिवस ती सुई हातात धरून नुसती बसून आहे.

असो. तुमच्याकडे मला काही मागायचं नाही, आणि मागितलं तरी तुम्ही दिलं नसतं, म्हणून मागणं असं काही नाहीच. सहज लिहिलं. गुडघ्यांना गरम विटेचा शेक द्या. वहिनींना सांभाळा. तेर्सिला तुमची आठवण काढते असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहितो.

तुमचा मेहुणा,
रेमिजो

ता. क. चौदाच्या जागी तिला सासूबाई हव्या आहेत. जेवताना दोन सुरया घेऊन पुरुषांच्या ग्लासांत पाणी मिसळत फिरायच्या, आपण ओरडायचो आणि त्या ऐकायच्या नाहीत, तशा. त्यांचा एकच फोटो होता आणि तो तुम्ही भिंतीवरून काढून नेलात. का नेलात ते मी विसरलेलो नाही. त्यांना पुरून आल्यावर जेवणाच्या टेबलावर आपण पत्ते घेतले, तुम्ही एक नंबरचा गारुडी टाकलात आणि मी त्यावर देवदूत मारला. डासावर कुऱ्हाड. आणि वर हसून म्हणालो, "आई गेली, आता गारुडीही गेला." बावीस माणसांसमोर. ती माझी चूक होती. पत्ता बरोबर होता, पण चूक माझी होती. फोटो पाठवावा.

ता. क. दुसरा. फोटो टपालानं पाठवू नये, विजिन तो गावभर दाखवत आणेल. स्वतः घेऊन यावा. शुक्रवारी दुपारची गाडी खालच्या स्टेशनावर चारला येते, कार्लिन त्याची गाडी घेऊन उभा राहील. खरं सांगायचं तर आत्ताच तेर्सिलानं पत्र वाचायला मागितलं आणि वाचून म्हणाली, "आईचा चेहरा मला पाठ आहे, फोटो काय करायचाय?" मग सुई हातात धरून दोन दिवस कशाला बसली होतीस, असं मी विचारलं. तिनं पत्राची घडी घालून माझ्या हातात दिली. वहिनींसाठी खोली झाडून ठेवली आहे.

ता. क. तिसरा. हे तिनं वाचलेलं नाही, पाकीट चिकटवायच्या आधी अंगणात लिहितो आहे. ईस्टरपासून ती माझ्या मागे लागली होती की तूही छाती दाखवून घे. मी टाळत होतो. गेल्या मंगळवारी कुदळीला दांडा आणतो सांगून शहरात गेलो आणि एक्स-रे काढला. मी कशाची आशा धरून गेलो होतो ते लिहीत नाही, तुम्हाला कळेल. छाती साफ आहे, दादा. एकतीस वर्षं आणि एक ठिपका नाही. डॉक्टरानं माझा हात हातात घेऊन अभिनंदन केलं. तिला हे सांगितलं तर ती खूश होईल, अगदी मनापासून खूश होईल, आणि तिचं ते खूश होणं मला बघवणार नाही. तेवढं तुम्ही येऊन तिला सांगा. मी बाहेर थांबेन.